वाहनावरील जडत्वीय मार्गनिर्णय यंत्रणा : मांडणी आणि प्रारंभिक जुळणी

मार्ग शोधण्याच्या बहुतेक साधनांना बाहेर पाहावे लागते. नावाडी तारा पाहतो, सर्वेक्षक टेकडीवरची खूण पाहतो, वाटसरू मैलाचा दगड पाहतो आणि आजच्या मोटारीतील उपग्रह-ग्राहक आकाशातून येणारे संदेश टिपतो. जडत्वीय मार्गनिर्णय यंत्रणा मात्र बाहेरचे काहीच पाहत नाही. ती एका बंद पेटीत असते. डोळे बांधून बैलगाडीत बसविलेल्या माणसालाही गाडी कधी सुटली, कधी वळली, कधी उताराला लागली हे अंगाला जाणवते. तीच जाणीव अत्यंत सूक्ष्मपणे मोजून आणि तिचा अखंड हिशेब ठेवून ही पेटी आपण कोठे आहोत ते सांगते. बोगद्यात, दाट सालवृक्षांच्या रानात, पाण्याखाली किंवा युद्धकाळात बाहेरचे संदेश मुद्दाम बिघडविले जात असतील तेव्हा तिचे मोल कळून येते.

परंतु हिशेब कितीही अचूक असला तरी तो कोठून तरी सुरू करावा लागतो. वाहन हलण्यापूर्वी पेटीला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : आपण पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत, ‘खाली’ कोणती बाजू, आणि उत्तर कोणीकडे. या तीन गोष्टी पेटीला देणे, किंवा तिला त्या स्वतःहून शोधू देणे, याला प्रारंभिक जुळणी म्हणतात. या प्रकरणात रायपूर शहरात उभ्या असलेल्या एका वाहनाचे उदाहरण घेऊन ही जुळणी कशी होते ते पाहावयाचे आहे. स्थळ निश्चित केल्याने आकडे निश्चित होतात, आणि या विषयात आकड्यांवाचून केलेले विवेचन फारसे उपयोगी पडत नाही.

पेटीच्या आत काय असते

पेटीत परस्परांशी काटकोनात बसविलेले तीन घूर्णी आणि तसेच तीन त्वरणमापक असतात. घूर्णीला इंग्रजीवरून जायरोस्कोप असेही म्हणतात. तो आपल्या अक्षाभोवती वाहन किती वेगाने फिरत आहे ते सांगतो. त्वरणमापक आपल्या अक्षाच्या दिशेने वाहनाचा वेग किती त्वरेने बदलत आहे ते सांगतो. त्वरणाची वेळेनुसार बेरीज केली की वेग मिळतो आणि वेगाची तशीच बेरीज केली की कापलेले अंतर मिळते. ही बेरीज कोणत्या दिशेने करावयाची ते घूर्णी ठरवितात.

या कल्पनेला मोठा इतिहास आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने १८५२ साली फिरत्या चक्राच्या साहाय्याने पृथ्वीचे परिभ्रमण दाखविले आणि त्या उपकरणाला जायरोस्कोप हे नाव दिले. जर्मनीत आन्शूट्झ याने १९०८ च्या सुमारास त्यातून जहाजावरचे घूर्णी-होकायंत्र बनविले. १९५८ साली अमेरिकेची नॉटिलस ही पाणबुडी उत्तर ध्रुवावरील बर्फाखालून गेली ती अशाच यंत्रणेच्या भरवशावर. त्या काळच्या यंत्रणांत घूर्णी आणि त्वरणमापक एका अधांतरी टांगलेल्या चौकटीवर असत आणि वाहन कसेही कलले तरी चौकट स्थिर राहत असे. आज बहुतेक यंत्रणांत टांगती चौकट नसते. पेटी सरळ वाहनाला घट्ट बांधतात आणि स्थिर चौकटीचे काम संगणकातील गणित करते. फिरते चक्रही बहुधा गेले आहे. त्याच्या जागी दोन परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे प्रकाशकिरण किंवा सूक्ष्म कंप पावणारे सिलिकॉनचे तुकडे आले आहेत.

त्वरणमापकाची एक मर्यादा मात्र तशीच आहे, आणि तिच्यामुळेच जुळणी इतकी महत्त्वाची ठरते. वाहनाचे त्वरण आणि पृथ्वीचे गुरुत्व यांतला फरक त्वरणमापकाला कळत नाही. जमिनीवर स्थिर उभ्या असलेल्या वाहनातील उभा त्वरणमापक शून्य दाखवीत नाही. तो दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद इतके त्वरण दाखवितो. हा गुरुत्वाचा भाग संगणकाने वजा करावयाचा असतो. तो वजा करताना ‘खाली’ या दिशेत ०.१ अंशाची चूक झाली, तर गुरुत्वाचा एक लहानसा अंश आडव्या दिशेत शिल्लक राहतो आणि संगणक त्याला वाहनाची गती समजतो. हिशेब करून पाहिल्यास, स्थिर उभे असलेले वाहन एका मिनिटात सुमारे ३१ मीटर सरकले असे पेटी सांगेल, आणि पाच मिनिटांत पाऊण किलोमीटरहून अधिक. चूक वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. पुढे फार वेळ गेल्यास ती अमर्याद वाढत नाही, तर ८४.४ मिनिटांच्या आवर्तनाने मागेपुढे झुलते. हा शोध माक्स शूलर या जर्मन शास्त्रज्ञाचा, १९२३ चा. रस्त्यावरच्या वाहनाला मात्र त्यातून फारसा दिलासा मिळत नाही, कारण पहिल्या वीस मिनिटांतच ते रस्ता सोडून शेतात गेलेले दिसू लागते.

गुरुत्वाचे मूल्यही स्थळानुसार बदलते. पुस्तकांत प्रमाण म्हणून ९.८०६६५ हा आकडा दिलेला असतो. तो मध्यम अक्षांशांसाठी आहे. रायपूर विषुववृत्ताच्या अधिक जवळ आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर असल्याने तेथे गुरुत्व त्वरण ९.७८६ च्या आसपास येते. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु रायपुरातील वाहनात प्रमाण आकडा तसाच ठेवला, तर एका मिनिटात उंचीच्या हिशेबात सुमारे ३७ मीटरांची चूक साचते, म्हणजे जवळजवळ बारा मजली इमारतीएवढी.

रायपूर येथे पृथ्वी काय देते

‘खाली’ शोधणे तसे सोपे आहे. वाहन स्थिर असताना तीन त्वरणमापक मिळून जी दिशा दाखवितात ती ओळंब्याची दिशा. पेटी किती कललेली आहे हे त्यावरून काही सेकंदांत कळते. उत्तर शोधणे अवघड आहे.

उत्तरेसाठी चुंबकसूची का वापरू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. रायपूरच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे हा मोह अधिकच होतो. परंतु वाहन स्वतःच लोखंडाचे असते, त्यातील विजेच्या तारांभोवती चुंबकीय क्षेत्र असते, आणि बाहेरही सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने, शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना, दक्षिणेला दल्ली-राजहरा आणि बैलाडिला येथील लोहखनिजाचे डोंगर. अशा प्रदेशात चुंबकसूचीवर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत विसंबणे शक्य नाही.

दुसरा मार्ग पृथ्वीच्या परिभ्रमणाचा. पृथ्वी फिरते आणि नक्षत्रे स्थिर असतात, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास, प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात या दृष्टांताने सांगितले होते. त्याने दिलेल्या युगातील परिभ्रमणसंख्येवरून नक्षत्रांच्या संदर्भातील एका फेऱ्याला २३ तास ५६ मिनिटे आणि ४ सेकंद लागतात असे निघते; आधुनिक मूल्य जवळजवळ तेच आहे. त्यावरून पृथ्वी तासाला १५.०४ अंश फिरते. घड्याळाचा तासकाटा तासाला ३० अंश फिरतो. पृथ्वीची गती त्याच्या निम्मी. चांगल्या घूर्णीला ही मंद गती स्पष्ट जाणवते.

विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या दरम्यान कोणत्याही स्थळी या गतीचे दोन भाग पडतात. एक भाग उभ्या अक्षाभोवती आणि दुसरा उत्तरेकडे रोखलेल्या आडव्या अक्षाभोवती. पूर्व-पश्चिम अक्षाभोवती काहीच येत नाही. रायपूरचा अक्षांश २१ अंश १५ कला आहे. तेथे आडवा भाग तासाला १४.०२ अंश आणि उभा भाग ५.४५ अंश होतो. समजा वाहनाचे तोंड बरोबर उत्तरेला आहे, तर पुढच्या रोखाचा घूर्णी १४.०२ दाखवील. तोंड पूर्वेला केले तर तोच घूर्णी शून्य दाखवील आणि डाव्या बाजूला रोखलेला घूर्णी १४.०२ दाखवील. मधल्या कोणत्याही स्थितीत दोघांच्या वाचनांच्या गुणोत्तरावरून वाहनाचा रोख काढता येतो. याला घूर्णीने उत्तर शोधणे म्हणतात.

येथे घूर्णीची गुणवत्ता निर्णायक ठरते. विमानांत वापरल्या जाणाऱ्या उत्तम घूर्णीची चूक तासाला ०.०१ अंशाच्या आसपास असते. तिला १४.०२ ने भागले की दिशेतील चूक सुमारे ०.०४ अंश, म्हणजे अडीच कला येते. एक किलोमीटर गेल्यावर वाहन बाजूला ७० सेंटिमीटर चुकलेले असेल. याउलट स्वस्त घूर्णीची चूक तासाला १० अंश असेल तर उत्तर चाळीस अंशांनी चुकू शकते. म्हणजे उत्तर सापडली नाही असेच म्हणावयाचे. असा घूर्णी वळणे मोजण्यास उपयोगी पडतो, पण उत्तर शोधण्यास नाही. त्याला उत्तर बाहेरून द्यावी लागते : छतावर दोन अँटेना पुढेमागे बसवून, किंवा उपग्रह-ग्राहक चालू ठेवून वाहन मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवीत, कमी करीत आणि वळवीत चालवून.

रायपूरला या बाबतीत अक्षांशाचा लाभ आहे. मॉस्कोला हाच आडवा भाग तासाला साडेआठ अंशांपेक्षा कमी असतो आणि तेथे तोच घूर्णी रायपूरच्या मानाने दीडपटीहून अधिक चुकतो. ध्रुवावर तर आडवा भाग शून्य असल्याने उत्तर शोधताच येत नाही; शिवाय तेथे उत्तर या शब्दालाही अर्थ उरत नाही.

दिशेतील अडीच कलांची चूक कोणाला नडते, असे कोणी विचारील. सडक मोजणाऱ्याला ती फारशी नडत नाही. पण पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आस्थापनेने विकसित केलेला आणि १९९९ च्या कारगिल युद्धात वापरला गेलेला पिनाक हा अग्निबाणप्रक्षेपक एका मालमोटारीवर असतो. आपली जागा आणि दिशा त्याला जागच्या जागी ठरवावी लागते. चाळीस किलोमीटरांच्या पल्ल्यावर अडीच कलांनी पुरा निशाण सुमारे २८ मीटरांनी बाजूला जातो. तेथे ही चूक कोणाच्या तरी शेतावर किंवा घरावर पडते.

पेटी बसविणे

पेटी कोठे बसवावी याविषयी एकच कठोर अट आहे : ती वाहनाच्या सांगाड्याशी हलणार नाही अशी बांधलेली असावी. रबरी गादीवर, पातळ पत्र्यावर किंवा सामान ठेवण्याच्या लाकडी फळीवर बसविलेली पेटी वाहनाची गती मोजत नाही, फळीची थरथर मोजते. मागच्या आसाजवळ, चासीला जोडलेल्या जाड धातूच्या पट्टीवर ती बसविणे बहुधा योग्य ठरते, कारण वळताना वाहनाचा तो भाग बाजूला सर्वांत कमी घसरतो. इंजिनाची उष्णता आणि सरळ ऊन यांपासूनही ती दूर असावी. रायपूरच्या मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या आतील हवा बाहेरच्या कडक उन्हाळ्यापेक्षाही कितीतरी तापते, आणि तापमान बदलत असताना घूर्णी व त्वरणमापक दोन्हींचे शून्य सरकत राहते. म्हणून यंत्रणा चालू करून तिचे तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. ज्यांना घाई असते त्यांची जुळणी नेमकी येथेच बिघडते.

पेटीवर तीन बाण कोरलेले असतात. त्यांतला कोणता पुढे, कोणता डावीकडे किंवा उजवीकडे आणि कोणता वर, याची नोंद संगणकात द्यावी लागते. काही यंत्रणांत तिसरा अक्ष वर तर काहींत खाली धरलेला असतो, आणि यातून झालेल्या गोंधळाने अनेक दिवसांचे काम वाया जाते. तपासण्याची रीत साधी आहे. वाहन स्थिर असताना वर रोखलेल्या त्वरणमापकाने धन ९.७८६ च्या आसपास दाखविले पाहिजे. वाहन डावीकडे वळविले असता वर रोखलेल्या घूर्णीचे वाचन धन यावे. वाहनाचे पुढचे चाक विटेवर चढविले असता पुढच्या अक्षाच्या त्वरणमापकाचे वाचन वाढावे. या तीन परीक्षांना दहा मिनिटे लागतात.

पेटीचा पुढचा अक्ष आणि वाहनाचा पुढचा अक्ष हे तंतोतंत एक नसतात. त्यांत एक अंशाचा फरक राहिला तर वाहन सरळ पुढे जात असता पेटीला ते तिरके घसरत असल्यासारखे वाटते, आणि चाकांवरून मोजलेले अंतर वापरल्यास प्रत्येक किलोमीटरमागे साडेसतरा मीटर बाजूला जाते. हा कोन फूटपट्टीने मोजून मिळत नाही. सरळ आणि सपाट रस्त्यावर वाहन चालवून, वाहन आडवे सरकत नाही या गृहीतावरून तो काढावा लागतो. नवा रायपूरचे रुंद, सरळ आणि तुलनेने मोकळे रस्ते अशा कामाला सोयीचे आहेत. जयस्तंभ चौकातील गर्दीत हे काम होणार नाही.

उपग्रह-ग्राहकाची मदत घ्यावयाची असल्यास त्याची अँटेना छतावर आणि पेटी खाली, असे दोन बिंदू होतात. त्यांतील अंतर तिन्ही दिशांत मोजून द्यावे लागते. समजा अँटेना पेटीपेक्षा १.२ मीटर पुढे आणि १.६ मीटर वर आहे. रस्ता बाजूला तीन अंश कललेला असेल तर अँटेना पेटीच्या नेमक्या वर न राहता आठ सेंटिमीटर बाजूला जाते. वाहन सेकंदाला वीस अंशांनी वळत असेल तर अँटेनाचा बाजूचा वेग पेटीपेक्षा सेकंदाला ४२ सेंटिमीटर अधिक असतो. हे अंतर चुकीच्या चिन्हाने दिले गेल्यास वाहन जितके वळेल तितका यंत्रणेचा गोंधळ वाढतो आणि सरळ रस्त्यावर मात्र सर्व ठीक दिसते. म्हणून हा दोष शोधणे विशेष कठीण जाते. वेळेचेही तसेच. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनात दोन उपकरणांच्या घड्याळांत एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक असेल तर एक मीटरची चूक होते.

स्थिर उभे राहणे

आता वाहन जुळणीसाठी उभे करावयाचे. जागा पक्की हवी. पावसाळ्यानंतर काळी माती चाकांखाली हळूहळू दबते आणि वाहन नकळत कलत राहते. सिमेंटचा किंवा डांबरी पृष्ठभाग बरा. इंजिन बंद करावे. कोणी आत चढू नये, कोणी दाराला रेलू नये. दार आपटल्याने वाहन एका सेकंदात ०.१ अंश कलले, तर तो वेग तासाला ३६० अंश होतो, म्हणजे पृथ्वीच्या गतीच्या चोवीसपट. पेटी शोधत असते तो पृथ्वीचा मंद फेरा अशा आवाजात बुडून जातो. पाच ते दहा मिनिटांच्या वाचनांची सरासरी घेऊनच तो वर काढावा लागतो. वारा सुटला असेल तर वेळ वाढवावा.

जुळणी झाल्यावर वाहन त्याच जागी उलट दिशेला उभे करून पुन्हा मोजणे ही जुनी आणि चांगली रीत आहे. घूर्णीची स्वतःची चूक दोन्ही वेळा सारखी राहते, परंतु पृथ्वीच्या आडव्या गतीचे चिन्ह बदलते; दोन वाचनांवरून दोहोंना वेगळे करता येते. ओळंबातराजू वापरणारा गवंडी तो उलटा करून पाहतो, त्यामागचे तत्त्व हेच.

आकडे देणे

शेवटी राहिले स्थान. ते बहुधा माणूस हाताने देतो, आणि सर्वांत मोठ्या चुका येथेच घडतात.

१० मार्च २०१५ रोजी सिडनीच्या विमानतळावरून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात उभे राहण्याच्या जागेचा रेखांश देताना १५१ अंश ९.८ कला या ऐवजी १५ अंश १९.८ कला असा दिला गेला. अंक तेच होते, एक अंक गळला आणि बाकीचे सरकले. विमान सिडनीत उभे होते आणि त्याच्या यंत्रणेच्या मते ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, अटलांटिक महासागरात होते. ११,००० किलोमीटरांहून अधिक दूर. उड्डाणानंतर विमान अपेक्षित मार्ग सोडून दुसऱ्या दिशेला वळू लागले तेव्हा घोटाळा उघड झाला. सिडनीचे हवामान परत उतरण्याजोगे नव्हते, म्हणून विमान मेलबर्नला नेऊन उतरविण्यात आले. कोणालाही इजा झाली नाही. चौकशीत असे दिसून आले की उड्डाणापूर्वी ही चूक लक्षात येण्याच्या अनेक संधी हुकल्या होत्या.

अक्षांश चुकला असता तर? याचे उत्तर मागील विवेचनात आहे. पृथ्वीच्या गतीचा उभा भाग आणि एकूण गती यांचे प्रमाण अक्षांशावर अवलंबून असते. रायपुरात ५.४५ भागिले १५.०४ यावरून २१ अंश १५ कला हा अक्षांश पेटी स्वतःच काढू शकते आणि दिलेला आकडा न जुळल्यास तक्रार करू शकते. रेखांशाच्या बाबतीत मात्र ती पूर्ण आंधळी आहे. पृथ्वी सर्व रेखांशांवर सारखीच फिरते. एकाच अक्षांशावरील दोन गावांत घूर्णीला फरक दिसत नाही. सागरी प्रवासाच्या शतकांत अक्षांश सहज मिळे आणि रेखांशासाठी जहाजे बुडत, त्याचेच हे नवे रूप म्हणावे लागेल.

रायपूरच्या आकड्यांत आणखी एक सापळा आहे. शहराचा अक्षांश दशांश पद्धतीने २१.२५ अंश लिहितात. कोणी तो २१ अंश २५ कला असा वाचला तर वाहन दहा कला, म्हणजे सुमारे साडेअठरा किलोमीटर उत्तरेला जाऊन बसते. ही चूक पेटीला ओळखू येईलच असे नाही, कारण दहा कलांचा फरक साधारण घूर्णीच्या चुकीत लपून जातो. रेखांशाचे ८१.६३ अंश ८१ अंश ६३ कला असे दिल्यास यंत्रणा ते नाकारील, कारण साठाच्या पुढे कला नसतात. एका आकड्याला पहारेकरी आहे, दुसऱ्याला नाही.

तिसरा सापळा नकाशाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर आधारलेले आहेत. ज्या महासर्वेक्षणातून तो गोलाभ आला त्याचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन, कामावर असतानाच, १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. उपग्रहांचे आकडे मात्र निराळ्या, जागतिक गोलाभावर दिलेले असतात. एकाच दगडाचे दोन पद्धतींतील आकडे काही विकलांनी वेगळे येतात आणि एक विकला म्हणजे जमिनीवर सुमारे तीस मीटर. जुन्या नकाशावरून आरंभबिंदू घ्यायचा आणि मग उपग्रहाशी ताडून पाहायचा, असे केल्यास यंत्रणा दोषी नसतानाही दोषी दिसेल.

जुळणी कोठे थांबवावयाची हाही सेटिंगचाच भाग आहे, याचे उदाहरण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथे मिळाले. एरियान-५ या नव्या अग्निबाणात जुळणी करणारा गणिताचा भाग जुन्या एरियान-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. तो उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू राही. जुन्या अग्निबाणाला त्याचे प्रयोजन होते, नव्याला नव्हते. नव्याचा आडवा वेग अधिक होता, त्यातून निघालेली एक संख्या ठरवून दिलेल्या जागेत मावली नाही, आणि दोन्ही जडत्वीय यंत्रणा एकापाठोपाठ बंद पडल्या. उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत अग्निबाण फुटून गेला.

रस्त्यावर

वाहन निघाल्यावर चूक पुन्हा साचू लागते. रायपूरहून जगदलपूरकडे जाताना केशकाळ घाटाच्या वळणांत कडे आणि झाडी यांमुळे उपग्रहांचे संदेश अधूनमधून तुटतात. तेवढा वेळ पेटीला एकटीने काम करावे लागते. तिला तीन आधार देता येतात. पहिला आधार चाकांच्या फेऱ्यांचा. टायर तापला, हवा कमी झाली किंवा वाहन भरले की चाकाचा परीघ बदलतो. एक टक्का बदलला तरी दहा किलोमीटरमागे शंभर मीटर होतात, म्हणून मोजलेल्या अंतरावर आधी चालवून तो आकडा ठरवावा. दुसरा, वाहन आडवे किंवा वर उडत नाही हे गृहीत. तिसरा आधार सर्वांत स्वस्त आहे : थांबणे. वाहन पूर्ण थांबले की त्याचा खरा वेग शून्य असतो हे निश्चित ठाऊक असते. पेटी शून्याऐवजी जे दाखवीत असेल ती तिची साचलेली चूक. चार-पाच मिनिटांनी अर्धा मिनिट थांबण्याने पुष्कळ काम साधते. मापन करणाऱ्या पथकातील चालकाला हे थांबणे निरर्थक वाटते, तेव्हा त्याला त्याचे कारण आधीच समजावून सांगितलेले बरे.

यंत्रणा नीट बसली की नाही हे पाहण्यासाठी बहुतेक जण एक फेरी मारून मूळ खुणेवर परत येतात आणि आरंभ व शेवट यांतला फरक मोजतात. फरक कमी आला की समाधान मानतात. ही परीक्षा अपुरी आहे. उत्तर दिशाच आरंभी चुकली असेल तर सगळी फेरी तेवढ्या कोनाने फिरलेली असते. फिरलेला आकार बंद व्हायचा थांबत नाही. चाकाचा परीघ चुकला असेल तर आकार लहान किंवा मोठा होतो. तोही बंदच राहतो. दोन्ही मोठ्या चुका अशा फेरीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी आरंभबिंदूपासून दूर, स्वतंत्रपणे मोजलेला दुसरा बिंदू लागतो. नवा रायपूरमधील खुणेवरून निघून वीस किलोमीटरांवरील अशा बिंदूशी पेटीचे उत्तर ताडून पाहावे. बाजूचा फरक पंधरा मीटरांच्या आत असेल तर उत्तर दिशा अडीच कलांपर्यंत बरोबर लागली आहे. पुढचा फरक वीस मीटरांच्या आत असेल तर परीघ हजारात एका भागापर्यंत बरोबर आहे. दोन्ही आकडे तापमान, टायरमधील हवा आणि वाहनातील भार यांच्यासह वहीत लिहून ठेवावेत, कारण पेटी काढून पुन्हा बसविली की यांतला निदान एक आकडा बदललेला असतो.